मेणात उतरवलेला मासा

१

मार्तंड गुप्ते अंधेरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि घरी येऊन दगड घासायचा. वेसाव्याच्या रस्त्याकडेच्या त्या बैठ्या घरांत कोण काय करतं हे लपत नसे. मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज सुरू झाला की शेजारच्या सुगंधाबाई आपल्या मालवणीत म्हणायच्या, "झाला, मास्तर मसालो वाटूक बसले."

दगड मात्र साधा नव्हता. जर्मनीतल्या कुठल्याशा खाणीतली ती चुनखडी, आणि तिच्यात एका चिलखती माशाचं डोकं रुतलेलं, लिंबाएवढं. छत्तीस-सदतीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रात असले मासे होते. डोक्यावर, छातीवर हाडाच्या जाड पत्र्यांचं चिलखत, आणि तोंडाला जबडा. जबडा असलेल्या पहिल्यावहिल्या प्राण्यांत त्यांची गणती. पुढे त्यांचा वंश बुडाला. त्यांचं नातं कोणाशी, यावर मोठमोठे पंडित अजून हमरीतुमरीवर येत होते. बहुतेकांचं मत, हे मुशीचे, म्हणजे शार्कचे भाऊबंद. मार्तंडला ते पटत नव्हतं. हे आपले आहेत, असं तो म्हणायचा. हाडाचा सांगाडा असलेल्या सगळ्यांचे, तुमचे-माझे. पण नुसतं म्हणून कोण ऐकतो? डोक्याच्या आत काय आहे ते दाखवायला हवं होतं.

आत बघायची रीत एकच होती आणि ती तशी क्रूरच होती. काचेवर कार्बोरंडमची पूड नि पाणी टाकून दगड नाकाकडून घासायचा, केसाएवढा एक थर. मग तो पातळ ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिड चुना जरासा खातं आणि हाड उठून दिसतं. मग वाहत्या पाण्याखाली पुष्कळ वेळ धुवायचा. भिंगातून बघून हाडाची रेघ कागदावर उतरवायची, त्या रेघेवरून दहापट मोठी मेणाची चकती कापायची आणि आधीच्या चकतीवर डकवायची. पुन्हा घासायला घ्यायचं. दगडातला मासा असा थराथरानं नाहीसा होतो आणि मेणातला वाढत जातो. शेवटी दगड उरतच नाही.

"म्हणजे बघायचं, आणि बघता बघता संपवायचं," कुंदा म्हणाली होती.

"तो मेलेलाच आहे गं."

"माझ्या डोक्यात काय आहे ते कधी एवढं निरखून बघितलंत?"

"तुझं उघडायची गरज काय? सगळं तोंडावाटे बाहेर येतंच आहे."

मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार हा असा बोलण्यावरच चालला होता. ती स्वयंपाकघरात, तो मागच्या खोलीत, मधे एक पातळ भिंत. "आज काय उतरलं?" ती ओरडून विचारायची, आणि तो ओरडून सांगायचा. ॲसिडच्या आंबूस वासावरून तिची रोजची कटकट असे. दार लावा, खिडकी उघडा, जेवणाला वास लागतो.

मे महिन्याची सुट्टी लागली. दिवसभर घासायला मोकळीक मिळाली. माशाचं नाक त्या आठवड्यात पुरं झालं, दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांसकट. नाकाची शेवटची चकती लावली त्या दिवशी कुंदानं वासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मार्तंडला वाटलं, सवय झाली असेल.

दुपारी ताटात बांगड्याचं कालवण आलं. मार्तंडनं पहिला घास तोंडात घातला आणि तसाच थुंकून टाकला. मासळी पार सडली होती. वेसाव्याच्या कोळणी कुंदापुढे टोपली उतरवायला घाबरत. कल्ला उघडून नुसता हुंगला की ती सांगायची, हा आजचा, हा कालचा.

"अगं, हे काय आणलंस?"

"का? मीठ जास्त झालं?" कुंदा म्हणाली आणि शांतपणे पुढचा घास चावत राहिली.

२

डॉक्टरांनी नाकात बॅटरी टाकून बघितलं. "काही नाही. सर्दी मुरली असेल. वाफारा घ्या."

वाफारे झाले. काही फरक पडला नाही. स्टोव्हचं रॉकेल गळलं, तेही तिला कळलं नाही. कुंदा हसण्यावारी नेत होती. "बरंच झालं," ती म्हणाली, "आता तुमचं ॲसिड नि मी सुखानं नांदू."

मार्तंडनं कामाच्या वहीत तारीख बघितली नाही, आठवली फक्त. नाकाची शेवटची चकती लावली तो दिवस आणि बांगड्याचा दिवस एकच. त्याला स्वतःचं हसू आलं. दरवर्षी नव्या पोरांपुढे तो फळ्यावर दोन डोकी काढायचा, एक माशाचं, एक माणसाचं. सांगायचा, बाबांनो, आराखडा एकच आहे. पुढे नाक, मग डोळा, मग कान. त्यांना जोडणाऱ्या नसांचा क्रमही तोच. निसर्गानं एकदा जे बांधलं ते मोडून नवं बांधलेलं नाही. पोरं टिपून घ्यायची. आता त्या फळ्यावरच्या खडूला भिऊन दगड बाजूला ठेवायचा, तर मग सुगंधाबाई उठसूट गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायच्या, त्यानं काय घोडं मारलं होतं?

आणि खरं सांगायचं तर त्याला थांबायचंच नव्हतं. नाकाच्या पोकळ्या इतक्या स्वच्छ उतरल्या होत्या की तसं काम हिंदुस्थानात कोणी केलं नव्हतं. पुढे डोळे होते. त्यानं काचेवर पूड टाकली.

३

डोळ्यांच्या खोबणी हळूहळू उघडत गेल्या. आधी वरची कड, मग बुबुळामागचा हाडाचा देठ.

कुंदानं चहा कपाच्या कडेवर ओतला. सुईत दोरा ओवायला सुगंधाबाईंना बोलावलं. एके दुपारी, बाहेर ऊन नुसतं भाजत असताना, तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, आभाळ भरून आलंय का?"

मार्तंडचा हात काचेवर थांबला. तरी डोक्यातला मास्तर गप्प बसेना. योगायोग आहे की नाही हे ठरवायची रीत असते, तो सांगत होता. आधी नोंद, मग कृती, मग पुन्हा नोंद.

पुढे जे त्यानं केलं त्याला माफी नाही, आणि ती त्यानं कधी मागितलीही नाही.

तो स्वयंपाकघरात गेला. "कुंदा, त्या कॅलेंडरवरच्या खालच्या ओळी वाच बघू."

तिनं डोळे बारीक केले आणि वाचल्या. दुकानाचं नाव, खाली पत्ता. जरा अडखळली, पण वाचल्या.

तो मागे आला. एक थर घासला, ॲसिडमध्ये बुडवला, घाईनं एकदा खळबळला आणि टेबलावर ठेवला. हातही न पुसता परत गेला. कुंदा जिथं होती तिथंच उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

"आता वाच."

"काय वाचू?" ती म्हणाली. "कॅलेंडर काढून ठेवलंत का?"

कॅलेंडर तिच्या नाकापुढे लटकत होतं.

४

त्यानं तो दगड फडक्यात गुंडाळला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. पुन्हा त्याला हात लावायचा नाही, अशी शपथ घेतली. कपाटाशी उभा राहून तो रडला. तिला ते दिसलं नाही. तिला आता काहीच दिसत नव्हतं.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर मार्तंडच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "डोळे आरशासारखे स्वच्छ आहेत. मला तरी दोष सापडत नाही."

कुंदा भिंती चाचपत वावरायला शिकली. भाताला किती पाणी ते बोटाच्या पेरानं बघायची. "तुम्ही तोंड पाडून बसू नका हो," ती म्हणायची. "ऐकू येतंय ना मला? मग झालं. तुम्ही बोलत राहा." मार्तंड बोलत राहिला. घसा सुकेपर्यंत वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. इथवर गेलं ते गेलं, पण पुढे नाही जाणार, असं तो मनाशी घोकायचा. दगड कुलपात होता. घासणारा हातच थांबला होता. त्या विचारानं त्याला झोप यायला लागली होती.

मग एका सकाळी सुगंधाबाईंनी त्याला फाटकाशी गाठलं.

"मास्तर, वैनींक काय झाला? मी दारातसून हाको मारतंय, तर ओ देनत नाय."

"कामात असतील."

"कामात खय? खुर्चेर बसली हत. गावच्या देवाक गाऱ्हाणा घालून घेवया काय? माझ्या भावाक सांगतंय."

मार्तंड धावतच घरात गेला. "कुंदा!" त्यानं उंबऱ्यातून हाक मारली. ती शेंगा सोलत होती. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा तिनं मान कलती केली. दूर कुठंतरी कोणी बोलावतंय असं वाटावं, तशी.

५

कपाट उघडलं तेव्हा त्याला आपली चूक दिसली. इतकी साधी चूक की पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर त्यानं त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

त्या शेवटच्या दिवशी, कॅलेंडर वाचून घ्यायच्या घाईत, त्यानं दगड नीट धुतलाच नव्हता. ॲसिड आत मुरलेलं तसंच राहिलं होतं. ओल धरलेल्या भिंतीला पांढरं मीठ फुटावं तसे क्षार दगडाच्या अंगातून फुटून आले होते, आणि फुटताना हाड आतून उकलत होतं. फडक्यात पिठासारखा भुगा साचला होता. घासणारा हात थांबला होता, पण मासा कुलपाच्या आड आपला आपण संपत चालला होता. जिथवर उकललं होतं तिथं कानांची पोकळी सुरू होत होती.

त्यानं तो नळाखाली धरला. पाण्याच्या धारेनंच एक टवका निघून मोरीत गेला. त्यानं नळ बंद केला आणि जमिनीवर बसला. कुंदाला वाचवायचं कसं, एवढा एकच विचार त्याच्यात उरला होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

शेवटी त्यानं ठरवलं. हे तसंही जाणार आहे. मातीत जाण्याआधी निदान उतरवून तरी घेऊ. मेणात असेल तर कुठंतरी असेल.

तो घासत सुटला. हात सोलले, पण रेघ चुकली नाही. दोन्ही कान उतरले. प्रत्येक कानात तीन वळणदार नळ्या, आपल्या कानात असतात तशाच. आणि त्यांच्या शेजारचा कप्पा, पोकळीतली बारीकशी वाट, सगळं ओळखीचं होतं. नातं असं डोळ्यांपुढे उघडं पडलं होतं. हेच दाखवायला तो इतकी वर्षं धडपडला होता. त्याला त्या नळ्यांकडे बघवेना.

डोक्याचा मागचा भाग राहिला होता. काचेवर टेकवायला उचलला तर तळहातातच ढेपाळला. मूठभर भुगा झाला. त्यात हाड कुठलं, दगड कुठला, सांगता आलं नसतं.

बाहेर कुंदा मोठमोठ्यानं बोलत होती. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस असंच बोलतं. "अहो, आहात ना घरात? काही बोलत का नाही? अहो!" त्यानं जाऊन तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं, आहे. ती बराच वेळ त्याचं बोट सोडेना.

६

मेणाचं डोकं मागच्या खोलीत स्टुलावर होतं. घागरीएवढं झालं होतं. पुढून पूर्ण, मागून उघडं. उन्हानं वितळू नये म्हणून खिडकीला ओलं गोणपाट लावलं होतं, आणि खोलीत हिरवट, मळकट उजेड असायचा.

ते फोडून टाकावं म्हणून तो आत गेला होता. दोन्ही हातांनी धरून त्यानं ते उचललं आणि जरा वळवलं.

स्वयंपाकघरात डबे कोसळले. "अहो!" कुंदा किंचाळली. "घर फिरलं!"

त्यानं ते जागच्या जागी ठेवलं. कानातल्या त्या नळ्या तोल सांभाळतात, हे त्याला काही कोणी सांगायला नको होतं. मग वाकून, कानाच्या पोकळीशी तोंड नेऊन, जेमतेम ओठ हलवत म्हणाला, "कुंदे."

"ओ," भिंतीपलीकडून उत्तर आलं.

ती नुसती "ओ" म्हणाली नाही, ती हमसून रडायला लागली. तोही रडला. "ऐकू येतंय!" ती म्हणत होती. "केवढ्यानं ऐकू येतंय! कुठं आहात तुम्ही?"

"इथंच आहे. मागच्या खोलीत."

"थांबा, मला दिसतंयही काहीतरी. हिरवं हिरवं. पाण्याखालून बघावं तसं. चौकट आहे. खिडकी आहे का ती?"

तो मेणाच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला.

"अगबाई," ती म्हणाली. "किती वाळलात हो."

त्या दुपारी दोघं खूप बोलली. तो स्टुलाशी बसून मेणाशी बोलायचा, ती स्वयंपाकघरात बसून त्याला उत्तर द्यायची. चुलत नणंदांची लग्नं, सुगंधाबाईंची मालवणी, रॉकेलचा स्टोव्ह, सगळं बोलून झालं. हे असंच चालेना का, असं मार्तंडला वाटलं. काय बिघडलं? लोक पत्रांवर संसार करतात.

मग बोलता बोलता तिनं विषय तोडला.

"मागून गार लागतंय," ती म्हणाली.

"मागचं दार उघडं असेल."

"दार नव्हे हो. डोक्याच्या मागून. मागं काहीच नाहीये. सगळं उघडं आहे, आणि काळोख आहे, खूप खोलवर." तिचा आवाज खाली आला. "तिथं कोणीतरी आहे."

७

मार्तंडनं स्टुलाच्या मागं जाऊन बघितलं. भिंत होती, एक पत्र्याची ट्रंक होती, कोपऱ्यात केरसुणी होती. दुसरं काही नव्हतं. त्यानं तिला तसं सांगितलं.

"तुमच्या बाजूनं नसेल," कुंदा म्हणाली. "ते हळू येतंय. घाई नाही त्याला. मोठं आहे, डोक्यावर पत्रे आहेत. अहो, त्याला मी ओळखीची वाटतेय."

"मन खेळतंय तुझं. तू थकलीस."

"काहीतरी लावा ना मागं! बंद करा ते!"

आपण जे पाहिलं नाही त्याची रेघ मार्तंडनं आयुष्यात ओढली नव्हती. मागच्या भागाचा कागद नव्हता, दगड नव्हता. तिथं हाड कसं वळलं होतं हे आता जगात कोणीही सांगू शकणार नव्हतं. तो स्टुलामागं गुडघ्यांवर बसला आणि मेणाच्या त्या उघड्या पोकळीत त्यानं डोकावून पाहिलं. पोकळी वीतभरही खोल नव्हती, हे त्यानं स्वतः मोजून बांधलं होतं. तरी तिचा तळ दिसेना. मेणाच्या कडा ओल्या होत्या. हात लावला तर भर उकाड्याच्या त्या दुपारी बर्फासारख्या गार लागल्या. आणि आत, फार खाली, काहीतरी फिकट, रुंद असं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. वळताना थांबलं. त्याची चाहूल लागल्यासारखं थांबलं.

"आलं," कुंदा कुजबुजली. "आलं हो. लवकर!"

त्यानं खोलीतला कामाचा स्टोव्ह पेटवला. मेण वितळवलं, काचेवर ओतलं, निवायच्या आधीच जाडसर पत्रा उचलून मागच्या तोंडावर दाबला आणि तापलेल्या सुरीनं कड भरत गेला. वरून, बाजूनं, खालून. बोटं भाजली. फट राहू नये म्हणून त्यानं पुन्हा एकदा सगळीकडून सुरी फिरवली.

"आता?"

"आता बरं वाटतं," कुंदा म्हणाली. "बंद झालं. आता नाही गार ला—"

स्वयंपाकघरात काहीतरी जड जमिनीवर पडलं. बांगड्या फुटल्याचा आवाज आला.

"कुंदा!"

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी जवळून आला. भिंतीपलीकडून नव्हे, स्टुलावरून, मेणातून. "अहो, माझे हातपाय कुठं गेले?"

८

कवटीच्या मागच्या बाजूला एक भोक असतं. माशाला असतं, बेडकाला असतं, माणसाला असतं. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू तिथून कण्यात उतरतो. हात, पाय, श्वास, सगळ्यांना निरोप त्याच एका वाटेनं जातात. मार्तंडनं भीतीपायी, न पाहिलेलं बांधायच्या घाईत, ती वाटच ठेवली नव्हती.

तो स्वयंपाकघरात धावला. कुंदा स्टोव्हपाशी आडवी पडली होती. डोळे उघडे होते. छाती हलत नव्हती. त्यानं नाकाशी हात धरला, गालावर चापट्या मारल्या, खांदे धरून गदागदा हलवलं. ओठ निळसर व्हायला लागले होते.

तो परत आला आणि सुरी उचलली.

"नको," मेणातला आवाज म्हणाला. "अहो, उघडू नका. ते गेलं नाहीये. बाहेर लागूनच आहे. पत्र्याला तोंड लावून बसलंय."

"तुझा श्वास थांबलाय कुंदे!"

"थांबू दे! पण उघडू नका. तुमच्या पाया पडते. मी इथं बरी आहे. बोलत बसू आपण."

स्वयंपाकघरात तिचं अंग गार पडत होतं. इथं तिचा आवाज त्याला विनवत होता. दोन्हीकडे तीच होती, आणि दोन्हीकडे तिला वाचवणं त्याच्याच हातात होतं, म्हणजे कुठंच नव्हतं. भोक केवढं करायचं? किती उंचीवर? गोल की लांबट? कागद नव्हता. ज्याच्याजवळ एक कुंदा सोडून जगात दुसरं माणूस नव्हतं असा तो नवरा, हातात सुरी घेऊन उभा होता. ती न श्वास घेता तिथं पडली आहे, एवढं एकच त्याला दिसत होतं. त्यानं डोळे मिटले आणि मेणाच्या पत्र्याच्या मधोमध सुरी खुपसली.

कुंदा ओरडली. मग एकदम शांत झालं. भोकातून खारट पाण्याचा एक ओघळ खाली आला.

स्वयंपाकघरात कोणीतरी लांबलचक श्वास घेतला.

तो स्टुलाला धरून खाली बसला. बाहेर फुटक्या बांगड्या फरशीवर खसपसल्या. एक डबा बाजूला सरकला. अंग उचलल्याचा, हात टेकल्याचा, उभं राहिल्याचा आवाज आला. मग पावलं वाजायला लागली. भिंत चाचपत येणारी नव्हती ती. सरळ येत होती, सावकाश, मधे कुठंही न अडखळता.

"कुंदा," तो हुंदका देत म्हणाला, "उठलीस गं? उठलीस?"

पावलं त्याच्या पाठीमागं, दाराशी येऊन थांबली. उत्तर तिथून आलं नाही.

"नाही हो," मेणातून तिचा आवाज आला, अगदी बारीक. "मी इथंच आहे. उठलं कोण?"